पाण्याची परतीची वाट

१९८७ साली कृष्णाकाठच्या एका गावात उपसा सिंचन योजनेच्या कर्जाची पाहणी करायला मी गेलो, तेव्हा प्रकल्प अहवालाची जाडजूड फाईल माझ्या मांडीवर होती. नदीकाठी जॅकवेल कुठे, पंप किती अश्वशक्तीचे, मुख्य नळ किती इंची, किती एकर ऊस भिजणार, एकरी उतारा किती धरायचा, किती वर्षांत फेड, सगळे तपशीलवार मांडलेले होते. शेतात आलेले पाणी शेतातून पुढे जाणार कुठून, याविषयी त्यात एक ओळही नव्हती. मीही विचारले नाही. बँकेत शेतकी अधिकारी म्हणून नवा होतो, आणि कोरडवाहू गावाला पाणी मिळणार या आनंदात त्या दिवशी गावाने आम्हाला पुरणपोळीचे जेवण घातले होते.

सतरा वर्षांनी, २००४ मध्ये, त्याच गावाच्या शाखेत व्यवस्थापक म्हणून बदलून आलो. पहिल्याच आठवड्यात एक वयस्क शेतकरी समोर येऊन बसले. गाव त्यांना नाना म्हणत असे, तेच नाव इथे चालेल. तीन एकर जमिनीला खार फुटला होता. उसाची लागण करावी तर डोळे उगवत नव्हते, उगवले तर वीतभर वाढून पिवळे पडत होते. नानांना जमिनीखालून निचऱ्याचे पाइप टाकायचे होते. कर्ज कशासाठी, असे मी रिवाजाप्रमाणे विचारले. नाना म्हणाले, ''साहेब, पाणी आणायला तुम्हीच कर्ज दिलंत. आता घालवायलाबी तुम्हीच द्या.''

हे वाक्य मी पुढे अनेक ठिकाणी विनोद म्हणून सांगितले. त्यात विनोद नव्हता, हे कळायला मला आणखी तीन वर्षे लागली.

महाराष्ट्रात क्षारांनी बाधित झालेली जमीन सुमारे सहा लाख हेक्टर धरली जाते. काही किनारपट्टीवरची आहे. तिथे समुद्राचा दोष. पण मिरज, वाळवा, पलूस, शिरोळ या तालुक्यांत समुद्र नाही. पाऊस वर्षाला सरासरी पंचवीस इंचांच्या आसपास. इथला खार माणसाने, पाण्याच्या हाताने, जमिनीच्या पोटातून वर ओढून आणला आहे. काळ्या कातळाची झीज होऊन ही माती झाली, तिच्यात क्षार मुळातच होते. पावसाच्या बेताच्या पाण्याने ते खोलवर गप्प बसलेले होते. आपण बारा ते अठरा महिने उभ्या राहणाऱ्या पिकाला सरीभर पाणी देऊ लागलो. वीजबिल अश्वशक्तीवर आणि पाणीपट्टी एकरावर. मग रात्रीच्या विजेला मोटार चालू करून झोपी जाणाऱ्याला पाणी मोजण्याचे कारणच काय? चिकण मातीतून पाणी खाली उतरते सावकाश, आणि उतरलेले पाणी बाजूला सरकायला वाट नसते. भूजल दरवर्षी थोडे थोडे वर चढते. ते जमिनीच्या तीन-चार फुटांपर्यंत आले की माती वातीसारखी ते वर शोषते. उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. शेतकऱ्याला हे पहिल्यांदा कळते ते 'वाफसा येत नाही' या शब्दांत.

आणि हे नवे ज्ञान आहे असेही नाही. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी तांहणे या सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरची पुस्तिका काढली ती १९१० साली. म्हणजे कालवा आल्यापासून पंचवीस वर्षांत जमिनी बिघडल्या होत्या, त्या का बिघडल्या हे तपासले गेले होते आणि छापूनही आले होते. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक विशेष कक्ष उघडला; खडकवासल्याची आजची जल व विद्युत संशोधन संस्था त्यातूनच वाढली. या कक्षातल्या क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या निचऱ्यावर बरीच वर्षे काम केले. एवढे सगळे आपल्याच पुण्यात झालेले असताना १९८७ च्या माझ्या फाईलमध्ये निचऱ्याला एक ओळ मिळू नये, याला काय म्हणावे?

नानांच्या अर्जाकडे येतो. उपाय कल्पनेने सोपा आहे. आपल्याकडच्या भारी जमिनीत साधारण सव्वा मीटर खोल, वीस-पंचवीस मीटर अंतराने भोके असलेल्या नळ्यांच्या ओळी पुरायच्या. त्या एका मोठ्या नळाला जोडायच्या आणि तो नळ ओढ्याला काढायचा. वरून पाणी द्यायचे. ते क्षार विरघळवून खाली नेते, नळीत शिरते, बाहेर पडते. पंचवीस मीटरचे अंतर धरले तर एकराला सुमारे १६० मीटर नळी लागते. बँकेच्या माणसाला हा हिशेब आवडतो, कारण तो मीटरवर करता येतो.

खरा प्रश्न मीटरचा नसतो. नळी कशाची आणि तिच्याभोवती काय, हा असतो. या बाबतीत माणसाने दीडशे-दोनशे वर्षे जे जे करून पाहिले ते सारे आपल्या गावांत कुठे ना कुठे पुरलेले सापडते. जुन्या लोकांनी चर खणून त्यात दगडगोटे भरले आणि वर माती ओढली. ते काही वर्षे चालले, मग गाळाने बसले. विलायतेत आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात भाजलेल्या मातीचे फूटभर लांबीचे नळ एकाला एक भिडवून पुरत. पाणी सांध्यांतून आत येई. त्यांच्या जमिनीत ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यात असा नळ इंचभर जरी सरकला तरी ओळ तुटली. सिमेंटच्या नळांचे दुखणे निराळे. ज्या जमिनीत सल्फेटचे प्रमाण जास्त, तिथे साधे सिमेंट हळूहळू पोखरले जाते, म्हणजे ज्या रोगावर औषध म्हणून नळ टाकला, तोच रोग नळाला खातो. पाइपच न टाकता ट्रॅक्टरमागे लोखंडी गोळा ओढून जमिनीत पोकळ बीळ करण्याचीही एक रीत आहे. तिला मोल निचरा म्हणतात. चिकण जमिनीत स्वस्तात काम होते, चार-पाच वर्षे चालले तर चांगले चालले म्हणायचे. पण जमीन चोपण असेल तर बीळ पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच ढासळते.

प्लॅस्टिकच्या वळ्यावळ्यांच्या नळ्या आल्या आणि हे पुष्कळसे प्रश्न सुटले. वळ्यांमुळे पातळ भिंतीलाही वरच्या मातीचा भार झेपतो, जमिनीच्या हालचालीबरोबर नळी वाकते, वेटोळे करून बैलगाडीतूनसुद्धा नेता येते. ८० किंवा १०० मिलिमीटर व्यासाची नळी शेतातल्या ओळींना पुरते. काळजी एवढीच घ्यायची की ती महिनोन्‌महिने उन्हात पडू द्यायची नाही. ऊन खाल्लेले प्लॅस्टिक ठिसूळ होते. काही शेतकरी पैसे वाचवण्यासाठी जुन्या पाण्याच्या पाइपला तापल्या सळईने भोके पाडतात. मी त्यांना हसणार नाही. ज्या जमिनीतून दहा वर्षे रुपया आलेला नाही तिच्यावर माणूस किती खर्च करील? पण ती भोके एकसारखी नसतात, कडेला वितळलेल्या प्लॅस्टिकच्या गाठी राहतात आणि गाळ तिथेच अडतो.

आता नळीभोवतीचे आवरण. याला दुकानदार, ठेकेदार आणि आम्ही बँकवालेही 'फिल्टर' म्हणतो, आणि निम्मी चूक या शब्दातच आहे. फिल्टर म्हटले की चहाची गाळणी डोळ्यांपुढे येते: जितकी बारीक तितकी चांगली. नळीभोवती असली गाळणी घातली तर ती स्वतःच काही दिवसांत लिंपली जाते आणि पाणी बाहेरच थांबते. आवरणाचे काम मातीचा प्रत्येक कण अडवण्याचे नाही. अगदी बारीक कण आत जाऊ द्यायचे, ते पाण्याबरोबर वाहून जातील. जाड कणांना जागेवर धरून ठेवायचे. आणि नळीच्या मूठभर भोकांकडे चहूकडून धावणाऱ्या पाण्याला जरा ऐसपैस जागा देऊन त्याचा वेग कमी करायचा. त्यासाठी आवरणाला जाडी लागते आणि त्याची छिद्रे समोरच्या मातीच्या कणांना मापून ठरवावी लागतात.

सर्वांत जुने आणि भरवशाचे आवरण म्हणजे चाळलेली बारीक खडी आणि जाड वाळू. चहूबाजूंनी चार इंच धरले तर एकरी चार ब्रास लागते, नानांच्या तीन एकराला बारा. कृष्णेच्या वाळूचा आजचा भाव आणि तिच्या उपशाचे राजकारण ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नको. हॉलंडमध्ये एके काळी नारळाचा काथ्या गुंडाळत. आपल्या कोकणाला हे ऐकून आनंद होईल, पण काथ्या जमिनीत कुजतो, म्हणून डच लोकांनी पुढे पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंची जाड, सैल गुंडाळी पत्करली. आपल्याकडे मिळते त्यात असे जाड आवरणही असते आणि मोज्यासारखे पातळ कापडही असते. दोन्हींना बाजारात नाव एकच: फिल्टर पाइप.

आणि काही जमिनींना आवरणच लागत नाही! ज्या मातीत चिकणमातीचे प्रमाण भरपूर आणि तिचे ढेकूळ घट्ट आहे, ती नळीभोवती आपापली उभी राहते. तिथे आवरणावर घातलेला पैसा वाया. मग आपल्या काळ्या जमिनीला ते नकोच, असे एखादा म्हणेल. २००४ साली मी हेच म्हटले होते.

झाले ते असे. नानांनी तीन दरपत्रके आणली होती. दोन आवरणाच्या नळीची, एक उघड्या नळीचे. उघडी नळी अर्थातच स्वस्त होती. आमच्या कोष्टकात एकरी जी खर्चमर्यादा ठरलेली होती तीत ती नेमकी बसत होती. बाकीची दोन बसवायची तर वरच्या कार्यालयाची खास मंजुरी मागावी लागली असती. नियम सर्वांत कमी दराचा. शिवाय पाइपवाल्याने सांगितले की भारी जमिनीला फिल्टर लागत नाही, आणि ते मी कुठेतरी वाचलेलेही होते. मी सही केली. पैसे रिवाजाप्रमाणे परस्पर पाइपवाल्याच्या नावे गेले. फाईलमध्ये माती परीक्षणाचा कागद होता. तो जोडावा लागतो म्हणून जोडलेला होता. विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेले की जमीन चोपण समजतात. त्या कागदावरचा आकडा १५ च्या बराच वर होता, आणि आमच्यापैकी कोणीही तो वाचला नव्हता.

चोपण माती म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही: ओली असताना लोण्यासारखी, वाळली की खापरासारखी. सोडियममुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, पाण्यात सुटे होऊन पसरतात. पण यात एक फसवी गोष्ट आहे. जमिनीत नुसते मीठ भरपूर असते तोवर माती धरून असते. निचरा सुरू झाला, दोन वर्षांत मीठ धुऊन गेले आणि सोडियम मात्र कणांना चिकटून राहिला की माती विरघळायला लागते. म्हणजे नळी पहिली दोन वर्षे उत्तम चालते, सगळ्यांचे समाधान होते, पाहणीचा अहवाल चांगला जातो आणि मग ती भरते. यावर उपाय जिप्समचा. त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकून त्याची जागा घेतो. अशा जमिनीत जिप्सम आणि जाड आवरण, दोन्ही लागतात. एकावर भागवता येत नाही.

नानांचे तसेच झाले. २००४ च्या उन्हाळ्यात पाइप पडले. पहिल्या वर्षी ओढ्याच्या तोंडाशी करंगळीएवढी धार अखंड चालू होती. नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला ती चाखून बघायला लावत. २००५ च्या जुलैअखेर कृष्णेला महापूर आला, ओढा उलटा भरला, निचऱ्याचे तोंड कित्येक दिवस पाण्याखाली राहिले. तरी त्या वर्षीचा ऊस बरा आला. २००७ मध्ये धार बंद पडली. नानांनी पुराला दोष दिला, आणि मला बरे वाटले. मग त्यांनी एका जागी खणले. वाव-दोन वाव नळी बाहेर काढली तर निम्म्याच्या वर राखाडी रंगाच्या, शेंबडासारख्या चिखलाने भरलेली. तो नदीचा गाळ नव्हता. नानांच्याच शेताची माती होती. पुराचा वाटा किती आणि माझ्या सहीचा किती, हा हिशेब मी पुष्कळ वेळा मांडला. पुराचा वाटा ओढ्याजवळच्या टोकाला असायला हवा होता. खणलेली जागा वरच्या बांधाकडची होती.

कर्जाचे हप्ते मात्र चालू राहिले. ते नानांनी दुसऱ्या शेतातल्या उसातून फेडले. वसुलीच्या तक्त्यात ते खाते अखेरपर्यंत चांगले दिसत होते. बँकेचे सारे तक्ते असेच असतात: परतफेड दिसते, जमीन दिसत नाही.

या अनुभवानंतर मी कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊ लागलो. राहुरी विद्यापीठाच्या या केंद्राने क्षारपड जमिनींवर, निचऱ्यावर वर्षानुवर्षे काम केले आहे. तिथे एका जाणत्या माणसाने मला एक परीक्षा शिकवली, तिला प्रयोगशाळा लागत नाही. ज्या खोलीवर नळी पुरायची तिथल्या मातीचे वाळलेले खडे घ्यावेत, काचेच्या पेल्यात पावसाचे पाणी घेऊन त्यात अलगद सोडावेत आणि हलवू नये. खडा फुटला तरी पाणी निवळ राहिले तर माती बरी. खड्याभोवती दुधासारखा ढग पसरू लागला तर चोपण. विहिरीचे पाणी घ्यायचे नाही; त्यातले क्षार मातीला धरून ठेवतात आणि आपल्याला फसवतात. खऱ्या परीक्षणाची जागा ही घेऊ शकत नाही हे खरे. पण तीन दरपत्रके हातात घेऊन बसलेल्या माणसाला प्रश्न विचारायला ती पुरेशी आहे. मला कोणी २००४ साली एक पेला दाखवला असता तर!

कर्नालला केंद्र सरकारची क्षारपड जमिनींची संशोधन संस्था १९६९ पासून आहे. हरयाणात १९९० च्या दशकात डच मदतीने मोठ्या क्षेत्रावर भूमिगत निचरा झाला, राजस्थानात कोट्याजवळ चंबळच्या लाभक्षेत्रात कॅनडाच्या मदतीने झाला. तिथली कामे पाहण्यासारखी आहेत, पण तिथली कोष्टके उचलून आणण्यासारखी नाहीत. हरयाणातली माती पोयट्याची आणि वाळूची. तिथे साठ-सत्तर मीटरवर ओळ चालते आणि आवरण जवळपास सक्तीचे. आपल्याकडे तेवढ्या अंतरावर ओळी टाकल्या तर मधली जमीन कोरडी होणारच नाही. सरकारी योजनेला मात्र एकच कोष्टक हवे असते, कारण मग तपासणी सोपी होते.

माझे म्हणणे तपासणी अवघड करा असेच आहे. निचऱ्याच्या कर्जाला किंवा अनुदानाला दर मीटरवर ठरू नये. मातीच्या तीन थरांचे परीक्षण करून, ज्याने ते वाचले त्याने 'या मातीला ही नळी, हे आवरण, एवढे जिप्सम' असे सहीनिशी लिहून द्यावे, आणि खर्चमर्यादा त्यावरून ठरावी. काही रक्कम तीन वर्षे मागे ठेवावी आणि तिसऱ्या वर्षी नळी एका जागी उघडून पाहूनच ती चुकती करावी. ओळींना तपासणीच्या कुंड्या असाव्यात, म्हणजे जोराच्या पाण्याने नळी धुता येते. उताराचा प्रश्नही इथेच येतो. शंभर मीटरला दहा-वीस सेंटिमीटर एवढाच तो असतो. जेसीबीने डोळ्याच्या अंदाजाने खणलेल्या चरात नळीला कुठे तरी पोट येते आणि तिथेच गाळ बसतो. लेझरवर चालणारी यंत्रे महाग आहेत म्हणतात. एक यंत्र दहा गावांना पुरेल.

एकट्याच्या शेताचा निचरा तसा अपुराच. मुख्य नळ शेजाऱ्याच्या बांधाखालून गेल्याशिवाय ओढ्याला पोचत नाही. शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ही कामे सामुदायिक केली, हे मला अनेक अर्थांनी महत्त्वाचे वाटते. मात्र हजारो एकरांचे खारे पाणी ओढ्यांतून कृष्णा-पंचगंगेला जाणार, आणि खालचे गाव तेच पिणार, हा प्रश्न आजच घ्यायला हवा. कॅलिफोर्नियात सान होकिन खोऱ्यातले निचऱ्याचे पाणी केस्टरसन नावाच्या तळ्यात सोडत होते. १९८३ साली तिथे पक्ष्यांची विद्रूप पिल्ले सापडली. पाण्याबरोबर सेलेनियम आले होते. आपल्या पाण्यात ते असेलच असे नाही. पण नदीला सोडण्याआधी त्यात काय आहे हे नियमाने मोजायला काय हरकत आहे? २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर तर निचऱ्याचे तोंड कुठे आणि किती उंचीवर ठेवायचे, तिथे झडप आणि उपशाची विहीर हवी की नको, हेही नव्याने ठरवावे लागेल.

नाना आता नाहीत. त्यांचा मुलगा ते तीन एकर नव्याने करतो आहे. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा सोप्याच्या कोनाड्यात पावसाच्या पाण्याचे पाच पेले ओळीने मांडलेले होते, प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी: कुठल्या बांधाची माती, किती फुटांवरची. तीन पेल्यांत ढग होता, दोन निवळ होते. ''काका, तीन जागी जाड आवरण घेतो, दोन जागी बिनआवरणाची टाकतो,'' तो म्हणाला, ''पण योजनेच्या अर्जात एकच रकाना आहे. त्यात काय लिहू?''